फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त

साओ मिगेल बेट,
उपवासकाळाचा पाचवा आठवडा, शुक्रवार

प्रिय ओदीलिया,

माझं अक्षर पाहून दचकली असशील. दर रविवारी फोनवर बोलणारा बाप कागद घेऊन बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, असंच तुला वाटणार. तुझी आई ठणठणीत आहे. गाईही बऱ्या आहेत, तांबडीला परवा वासरू झालं. घाबरलोय तो मी.

यंदा मी पदयात्रेला गेलो होतो. हो, मीच! दर उपवासकाळात गावातले पुरुष खांद्यावर शाल, हातात काठी नि जपमाळ घेऊन बेटाला फेरी घालायला निघाले, की गोठ्याचं निमित्त सांगून मागे राहणारा मी. आमच्या तुकडीचा म्होरक्या तिबुर्सियु हसून म्हणाला, “बेल्मिरु, आठ दिवस चालायचंय हं, गोठ्यापर्यंत नाही!” राखेच्या बुधवारी फादर एउझेबियुंनी कपाळाला राख लावली, ‘माणसा, तू माती आहेस’ म्हणाले, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. बासष्ट वर्षं हेच वाक्य ऐकतोय. यंदाच ते मला उद्देशून म्हटल्यासारखं वाटलं.

आम्ही एकोणतीस जण होतो, फादरही बरोबर चालत होते. वाटेत लोक विचारायचे, “भाऊ, किती जण आहात?” जितके आम्ही, तितक्या ‘नमो मारिया’ प्रार्थना ते आमच्यासाठी म्हणायचे, त्यांची गाऱ्हाणी आम्ही पुढच्या देवळात न्यायची. चौथ्या दिवशी, नॉर्देश्तेच्या चढावर, एका बाईनं नेमका माझाच हात धरला. “माझी पोर आजारी आहे हो. चार वर्षांची आहे. तिच्यासाठी मागा.” आपली धाकटी लुसीलियाही गेली तेव्हा चारच वर्षांची होती. मी तिबुर्सियुला म्हटलं, तूच माग बाबा. तो म्हणाला, “तिनं तुझा हात धरला ना? मग तूच.”

देवळात मी गुडघे टेकले, तोंड उघडलं, आणि जमीन हादरली. आपल्याकडे हादरे काही नवे नाहीत, पण हा मोठा होता. छताचा गिलावा खाली आला, मेणबत्त्या आडव्या झाल्या. बाकीचे जागच्या जागी ‘प्रभू, दया कर’ म्हणत होते. मी मात्र पळालो. दारात आमच्यातलाच म्हातारा सेझिनांदु आडवा आला, त्याला ढकलून पळालो. तो पडला, त्याचं कोपर फुटलं. बाहेर भिंतीला टेकून मी उभा राहिलो. मरणाला तर भ्यालोच, पण त्याहून जास्त एका गोष्टीला: जे सव्वीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही, ते माझ्याबरोबर गाडलं जाईल.

त्याच संध्याकाळी मी फादरांपुढे पापनिवेदनाला बसलो. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “देव तुला क्षमा करतो. पण जिच्या पाठीवर तू हे ठेवलंस, तिच्या पाठीवरून तूच उतरवायचं. हेच तुझं प्रायश्चित्त.” मी गयावया केली, फादर, दुसरं काहीही द्या, अनवाणी परत बेटाला फेरी घालतो. “पाय दुखणं सोपं असतं, बेल्मिरु,” एवढंच ते म्हणाले.

घरी येऊन दोन आठवडे झाले. रोज सकाळी मिस्सेला जातो, क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थानं करतो, दिवसाकाठी एकदाच जेवतो. तुझी आई खूश आहे, नवऱ्याला भक्ती लागली म्हणून. हे सगळं मी लिहायचं टाळण्यासाठी करत होतो, हे तिला कुठं ठाऊक? आणि गेल्या रविवारी तुझा फोन ठेवून ती ओट्याशी रडत बसली. म्हणाली, “ओदीलियाला मूल नकोच म्हणते. ‘माझ्या हाती मूल नको, आई’ म्हणाली.”

म्हणून लिहितोय, पोरी. लुसीलिया गेली त्या सकाळी बादली भरून झाल्यावर तू जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण लावलं होतंस. मी पाहिलं होतं. तुझ्यामागून मी गाईंसाठी पाणी काढायला गेलो, आणि लावायचं राहिलं ते माझ्याकडून. लुसीलिया टाकीत बुडालेली सापडली, माणसं जमली, कुणीतरी ओरडलं, “टाकीवर शेवटी कोण होतं?” तू दहा वर्षांची, रडत ‘मी’ म्हणालीस. मी चार पावलांवर उभा होतो आणि गप्प राहिलो. आधी त्या दिवसापुरता, मग दफन होईपर्यंत, मग तू पुन्हा जेवायला लागेपर्यंत; आणि मग सांगायचं धाडसच उरलं नाही. क्षमा मागायला मला तोंड नाही. तू पुन्हा कधी बोलली नाहीस तर काय, याच भीतीत हे दोन आठवडे गेले. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. हे टपालपेटीत टाकतो आणि घरी जाऊन, जेवायला बसण्याआधी, तिला सांगतो. तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण त्याआधी एवढं पुन्हा एकदा वाच: झाकण तू लावलं होतंस.

तुझाच, पण हे म्हणायचा हक्क राहिला असेल तरच,
बाबा