तिसऱ्या पडद्यातला बाण

१२ नोव्हेंबर १९८४
गुहागरहून सकाळच्या एसटीने रत्नागिरीत पोचले. कामाची जागा म्हणजे खाडीकाठचा जांभ्या दगडाचा बंगला, उजेड भरपूर. एका जुन्या संस्थानाचे चार विणलेले भिंतपडदे इथे दुरुस्तीला आलेत. छोट्या युवराजाचं शिक्षण त्यांत दाखवलंय: अक्षरओळख, घोडेस्वारी, तिरंदाजी, दरबार. मुख्य कारागीर रावजीकाका सत्तरीचे, फार मऊ बोलतात. मदतीला खाडीपलीकडच्या कर्ला गावची सईदा. वडिलांची जाळी सांधता सांधता तिचा हात बसलाय. पहिल्याच दिवशी तिने मला डब्यातला तळलेला बांगडा दिला. मन रमेल इथे.

१७ नोव्हेंबर
काकांनी युवराजाचा चेहरा सईदाला दिला. मला काठ. मुंबईत दोन वर्षं हेच शिकले मी, आणि चेहरा जाळी सांधणारीला. काका म्हणाले, तुझा टाका सरळ आहे, तिचा जिवंत आहे. जेवण गेलं नाही.

२१ नोव्हेंबर
तिरंदाजीच्या पडद्यात, लक्ष्याच्या जागी, कसरीने खाल्लेलं भोक होतं. आज ते भरलेलं दिसलं. मान खाली घालून शिवत बसलेली बाई, बोटभर उंचीची. सईदा म्हणते, मी नाही केलं. खोटारडी. राजाच्या पडद्यात स्वतःलाच बसवलंय. टाके इतके सुरेख की मला रडू आलं.

२४ नोव्हेंबर
युवराजाचा बाण सुटलाय. सोमवारी तो दोरीवर होता, त्याच्या खालचा काठ मीच शिवला. आज चार बोटं पुढे, बाईच्या रोखाने. कुणाला सांगितलं नाही. सईदाकडे बघत राहिले आणि, लिहायला लाज वाटते, बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर
बाण तिथेच अडलाय. सईदाची बोटं सोलवटलीत. दुपारी हळूच म्हणाली, "गोदा, तू आजच्या आज घरी जा गो." म्हणजे आता काठसुद्धा तिलाच हवेत.

१ डिसेंबर
पकडलं तिला. जेवणाच्या सुट्टीत बाणाचे टाके पुढून उसवून मागे घालत होती. मी काकांना हाक मारली. काकांनी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं. तिने डबा उचलला. जाताना माझ्या हाताकडे बघून रडली. सोमवारपासून चेहरा माझा.

३ डिसेंबर
चेहऱ्यावर बसले. काकांनी माझा टाका पाहिला. सईदा जेवली असेल का, एवढंच म्हणाले.
युवराज हसतोय. परवापर्यंत हसत नव्हता. बाण वीतभर पुढे —

४ डिसेंबर
भिंग लावून बाईकडे पाहिलं. सुई डाव्या हातात आहे. सईदा उजव्या हाताने शिवते.
डावखुरी इथे मी एकटी.

५ डिसेंबर
बाणाचा टाका उसवत नाही. कात्रीनेही नाही. माझ्या हाताने नाहीच. काकांना वाटतं मला ताप आहे. कर्ल्याला निरोप धाडायला सांगितला — सईदा, ये —

६ डिसेंबर
सकाळी बरगडीत कळ. बाण पडद्यातल्या बाईच्या पदराला टेकलाय.
ती तरीतून उतरली. खिडकीतून दिसतेय. काका धावत गेले घ्यायला. माझ्यासाठी कधी असे —
दाराशी आलेत. हाका मारतायत, तिचीच हाक मोठी. कडी मीच लावली होती, मला असं कुणी बघू नये म्हणून. उठायला —
सईदा, कडी आतून —