हिरवा होईपर्यंत

बाबा, किल्ला अजून मोडलेला नाही. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदाच केला. भाऊबीज होऊन गेली, सोसायटीतल्या दिव्यांच्या माळा उतरल्या, आणि इथे दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या बागेच्या कोपऱ्यात माझा डोंगर तेवढा उभा आहे, बोडका. काल सेक्रेटरी अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, दिवाली तो हो गई, अब ये मिट्टी हटवा दें?" मी म्हटलं, "हरा हो जाने दीजिए." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला थेट आपल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरचा माळी आठवला.

तुमच्याकडे तो असंच पाहायचा. ऑफिसातून सुट्टी मिळायची धनत्रयोदशीला, म्हणून किल्ला त्या दिवशी आणि त्यावर मोहरीही त्याच दिवशी. दिल्लीच्या थंडीत ती कसली वेळेवर रुजतेय! फराळाला आलेले लोक तो तपकिरी ढीग बघून हसायचे. आई वैतागायची, "अहो, करोल बागेतून प्लास्टिकचं गवत आणा आणि मोकळे व्हा. इथे कुणाला कळतंय किल्ला म्हणजे काय?" तुम्ही ओंजळीनं पाणी शिंपडत राहायचात. तोफा नकोत, सैनिक नकोत, तुम्हाला फक्त लहानपणी साताऱ्यात पाहिलेला हिरवा डोंगर हवा होता, आणि त्यासाठी थांबायची तुमची तयारी होती. "आत्ता कुठे सुरू झालाय गं," म्हणायचात. मला अजून दिसतं, मी तुमच्याशेजारी उकिडवी बसलेय, स्वेटरच्या बाह्या ओल्या, आणि एका सकाळी मातीला बारीक भेगा पडून हिरवे ठिपके वर आलेत. बघायला आपण दोघंच. तुम्ही आईला हाक मारता, ती पोळपाट सोडून बाहेर येते, पदराला हात पुसत जवळ बसते. मग म्हणते, "पाणी जरा बेतानं घाला, वाहून जाईल."

आज सकाळी माझाही डोंगर हिरवा झाला. सेक्रेटरी फिरायला निघाले होते, ते थांबले, वाकले आणि "अच्छा, तो ये था," एवढंच म्हणाले. तुमची इतकी आठवण आली की मी तिथेच बसून राहिले. हा कागद कुठे धाडायचा नाहीच, म्हणून सांगते. मी हल्ली घरूनच काम करते, दिवाळीआधी आठवडाभर सुट्टीही होती. मोहरी लवकर पेरून सगळ्यांना गप्प करता आलं असतं. तरी मी ती धनत्रयोदशीलाच पेरली. दिवाळी संपल्यावर तुमच्याबरोबर थोडं थांबायचं होतं, बाबा.