काळ्या शाईखालचा नंबर

वडनेर भोलजी
१९ जानेवारी २०२५, रविवार

भागवत दादाले निशिगंधाचा नमस्कार.

तू खामगावले बरा असशील, जिनिंगात सध्या काम जोरात असन. इथी मनकर्णा काकू बऱ्या हायेत. शेषराव काका गेल्यानं तुमच्या घरी यंदा संक्रांत नाई, म्हणून मायनं त्यायले तिळाचे लाडू नेऊन देले. काकूनं एकच खाल्ला, बाकीचे लेकासाठी म्हणून डब्यात ठेवले. तुमची तूर बाबानं सोंगून देली, तिची काळजी करू नको.

मले लिहाची सवय नाई. नववीतून शाळा सुटली, त्याले दोन वर्सं झाले. पण समोर येऊन सांगणं मले जमत नाई. तूच म्हणत होता नं, हिच्या तोंडातून शब्द काढाले पकड लागते.

मंगळवारी बुलढाण्याले तुह्या अपिलाची तारीख हाय, असं काकूनं सांगतलं. शेषराव काका पडले त्या दिवशी ॲम्बुलन्सले फोन कोणं केला, गाडी उशिरा काऊन आली, हे तू माहितीच्या अधिकारात इचारलं होतं. हापिसनं देलेला कागद तू गावच्या ग्रुपवर टाकला, तो मी बाबाच्या फोनवर मोठा करकरून पाह्यला. दहा पाचले फोन आला. दहा वीसले गाडी फाट्यावर आली. डायवरनं त्या नंबरावर तीन बार फोन लावला, उचलला नाई. अन् नंबराच्या जागी काळी शाई. खाली लिहेल होतं का फोन करणाऱ्याचं नाव देता येत नाई, त्याच्या जिवाले धोका होऊ शकते, अन् नाव देलं तं उद्या कोणी फोनच करणार नाई.

तू पारावर म्हणे, "शाई लावून तीन बार लिहाले काय जाते? आपल्या डायवरले वाचवून राह्यले." कडूबा म्हणे, "मले तं तो धाब्यासमोरच भेटला, चहा ढोसत असन." सारे हासले. मी पाण्याचा गुंड घेऊन तठूनच चालली होती.

हापिसवाले अगदीच खोटं नाई बोलत, दादा. मागच्या साली दारूच्या भट्टीचा फोन पोलिसाले कोणं केला ते फुटलं, तं वामनरावचा कडबा जळला. इझवाले तूच गेला होता.

पण एक गोष्ट तुले मालूम नाई. नाव द्याच्या आंधी हापिस त्या माणसालेच पत्र धाडते, तुमची काही हरकत हाय का म्हणून. दहा दिवसात कळवा लागते. ते पत्र डिसेंबरात आमच्या घरी आलं.

सिमकार्ड बाबाचं, म्हणून पत्रावर नाव रंगराव. बाबाले सही येते, वाचता येत नाई. मले म्हणे, "वाच वं, काय लिहेल हाय." मी म्हटलं, मोटरच्या मीटरचं हाय, सही पाह्यजे. बाबानं सही केली. 'हरकत आहे' असं मीच लिहिलं अन् पोस्टात टाकून आली.

त्या दिवशी बाबा भाजी घेऊन नांदुऱ्याले गेले होते. फोन मळ्यातल्या खोपीत चार्जिंगले होता. मी गवार तोडत होती. काका आपल्या दोन वावरायच्या मधल्या धुऱ्यावर बसले, मंग आडवे झाले. मी हाका मारल्या, आजूबाजूले कोणीच नव्हतं. मंग फोन लावला. फोनवरची बाई लय सुधं, पुस्तकातलं बोले, मी कसंतरी वडनेर, नाल्याकडचा मळा, एवढं सांगतलं. काकाचं डोकं मांडीवर घेतलं, व्हटाले पाणी लावलं.

मंग फोन वाजला. अनोळखी नंबर.

माही शाळा काऊन सुटली ते गावाले मालूम हाय. नांदुऱ्याचा कोण पोरगा फोन करे, मी एक डाव उचलला अन् बाबानं आयकलं. त्याच दिवशी दप्तर माळ्यावर गेलं. अनोळखी नंबर उचलाचा नाई, असं बाबानं देवासमोर कबूल करून घेतलं.

तीनही बार मी तो फोन वाजताना पाह्यला. तिसऱ्या बारीले काकानं इचारलं, "कोणाचा वं?" मी म्हटलं, कोणाचा नाई.

डायवर रस्ता इचारून राह्यला असन, हे माह्या ध्यानातच आलं नाई. मंग कडूबा बकऱ्या घेऊन फाट्याकडं गेला, त्यानं रस्ता दाखवला. गाडी आली तवा पावणेअकरा झाले होते. मी काकाचं डोकं हळूच खाली ठेवलं अन् फोनचं बाबाले कळन या भेवानं आमच्या तुरीत शिरली. ते पंचवीस मिनिटं लवकर आले असते तं काका वाचले असते का, ते मले मालूम नाई.

डायवर कचरूभाऊले मी वळखत नाई. त्यायले आपल्या गावच्या पोरायनं फाट्यावर मारलं, आता त्यायचं काम बंद हाय. तुह्या अर्जात त्यायचं नाव पुरं लिहेल हाय. त्यायच्या नावावर कोणं शाई नाई लावली.

आज सकाळी मी ते पत्र गव्हाच्या कोठीमागून काढलं अन् बाबाले पुन्हा वाचून दाखवलं, जसं लिहेल हाय तसं. बाबानं पत्राची घडी केली. मंग म्हणे, "मंग उचलला काऊन नाई?" मी म्हटलं, तुमीच म्हटलं होतं.

बाबा मोटर चालू कराले मळ्यात गेले. लाइन नव्हती तरी गेले. दुपारी आले अन् म्हणे, "कुठी करू सही?"

तो कागद सोबत हाय. 'हरकत नाही' असं लिहेल हाय. बाबा उद्या भाजी घेऊन खामगावले येऊन राह्यले, त्यायच्या हातानं धाडून राह्यली. मंगळवारी सायबासमोर ठेव. ग्रुपवर टाकाचा का नाई, ते तू ठरव. काकूले मात्र मीच सांगीन. आज दोन बार दारापर्यंत जाऊन वापस आली.

तुले काही बोलाचं असन तं फोन कर, कोणत्याही नंबरावरून. उचलीन.

काकाचं डोकं जिच्या मांडीवर होतं, ते
निशिगंधा