किकू पहिली आली

६ फेब्रु. ०५, रवि. कार्डिफ
के.ने युनिव्हर्सिटीच्या फिल्म क्लबात ओढून नेलं. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी नवऱ्याची अभिरुची सुधारायची आशा बाईने सोडलेली नाही. जपानी सिनेमा. शंभर वर्षांपूर्वीची रेशीम गिरणी, डोंगरातल्या गावांतून आणलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी. उकळत्या पाण्यात हात घालून कोषांचा धागा काढायचा. संध्याकाळी तपासणीस पहिलीचं नाव मोठ्याने वाचणार, उरलेल्यांनी तिला गाठायचं. पहिली नेहमी किकू. शेवटी खोकत खोकत मरते, बोटं सोललेली. के. रडली. मी घड्याळ बघत होतो. खरं लिहायचं तर तपासणीसाची पद्धत मला आवडली.

९ फेब्रु., बुध.
सॅलड पॅक करणाऱ्या फॅक्टरीसाठी मी लिहितोय ती सिस्टीम जवळजवळ तयार. ट्रे भरला की बाईने स्कॅन करायचा, आकडा भिंतीवरच्या स्क्रीनवर. टार्गेट म्हणजे जी पहिली येईल तिच्या तीन-चतुर्थांश. तीनदा खाली गेली की घरी. टेस्टिंगला एक खोटी कामगार लागते, गमतीत नाव दिलं किकू. तिचे ट्रे माझी स्क्रिप्टच भरते: सकाळी सहा ते दोन, दर आठ सेकंदांना एक ट्रे, ब्रेक नाही. घरी सांगितलं. के. म्हणाली, "मेलेल्या पोरीला तरी सोड रे."

१४ फेब्रु., सोम.
सिस्टीम लाइव्ह, फॅक्टरीत खरी मोजणी सुरू. तिथला मॅनेजर ग्लिन जाम खूश. पाठीवर थाप, चॉकलेट केक वगैरे.

१८ फेब्रु., शुक्र.
फॅक्टरीत चक्कर. स्क्रीनवर सगळ्यांत वर: किकू. टेस्ट डेटा काढायचा राहिला! पुण्यात ट्रेनी पोरांना याच चुकीवरून किती झापलंय मी. पाच दिवस त्या बायका माझ्या स्क्रिप्टच्या मागे धावतायत.
शेवटून दुसरी दनूता. पोलंडची, सहावा महिना. दोन वॉर्निंग झाल्यात. टॉयलेटला जावं लागू नये म्हणून शिफ्टभर पाणी पीत नाही, असं शेजारची म्हणाली.
कोणाला काही बोललो नाही. वर्क परमिट कंपनीच्या हातात. ऑफिसात येऊन स्क्रिप्ट गुपचूप बंद केली. भित्रा तो भित्राच.

२१ फेब्रु., सोम.
किकू पहिली. स्क्रिप्ट बंदच आहे, तीनदा पाहिलं. कुठल्या दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी राहिली असेल म्हणून सगळे धुंडाळले. नाही.
आणि आता दर आठ सेकंद नाही. एकदा साडेसात, एकदा नऊ, मध्येच अकरा. दमल्यावर माणसाचं होतं तसं.

२२ फेब्रु., मंगळ.
बेल्टच्या टोकाला बायकांनी एकीपुरती जागा सोडलीय. का, ते कोणी सांगेना. शिफ्ट सुटल्यावर गेटवर दनूताला गाठलं. म्हटलं, "किकू नावाची कोणी नाही. मी टाइप केलं ते नाव. चूक माझी." मला वाटलं चिडेल. तोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाली, "मी तिला सांगितलं, सावकाश कर, माझ्या पोटात बाळ आहे. ती म्हणते, मला थांबता येत नाही. ज्याने कामाला लावलं त्याला सांग."
भरदुपारी बसस्टॉपवर तिकिटाचे सुटे सांडले.

२३ फेब्रु., बुध.
ग्लिनला सगळं सांगून टाकलं. परमिट गेलं तर गेलं. शांतपणे ऐकलं त्याने. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हजेरीत नव्हती ती. पण माझी लाइन एवढी कधीच पळाली नव्हती. राहू दे तिला." आणि हात लावलास तर तुझ्या बॉसशी बोलेन, हेही हसत हसत. दनूताचं काय, विचारलं. "टार्गेट सगळ्यांना सारखंच."
के.ला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पुणं काही कुठे पळून गेलेलं नाही."

२४ फेब्रु., गुरु.
आज दनूता खाली राहिली तर तिसरी वॉर्निंग. सव्वाअकराला किकूचं रेकॉर्ड उघडलं. 'नक्की काढायचं?' सिस्टीमने विचारलं. प्रश्न मीच लिहिलेला. हो. काढलं. यादी क्षणभर रिकामी, मग भरली.
पहिली: दनूता.
एवढा आनंद झाला की शेजारच्या टेबलवाल्याला हात मिळवला. मग आकडे नीट पाहिले. आठ सेकंद, आठ सेकंद, साडेसात. सकाळपासून एकही ब्रेक नाही. ग्लिनला फोन लावला, म्हटलं, तिला बसवा आधी, पाणी द्या.
तो म्हणाला, "कोणाला? तिला दहालाच अँब्युलन्स घेऊन गेली. बेल्टवर कोसळली."
आत्ता अकरा चाळीस. के. टॅक्सी घेऊन खाली आलीय, हॉस्पिटलला निघतो. दनूताच्या नावापुढचा आकडा वाढतोय.