एक अनुस्वार जास्त

रविवार, ८ फेब्रुवारी
दुपार, जेवणानंतर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांची सध्याची अवस्था पाहता तो कागदावरच गोड मानून घ्यावा. भावोजींचा खोकला कमी झाला असेल आणि तुझं त्यांच्यावर ओरडणं कमी झालं नसेल, असं गृहीत धरतो. इकडे सर्व क्षेम.

सर्व म्हणजे एक बाब सोडून. काल भर बाजारात, दोन अनोळखी गिऱ्हाइकांच्या आणि एका आरशाच्या साक्षीने, माझी विटंबना झाली. आरोपी तुझी भावजय. हत्यार म्हणजे एक अर्धी विजार. रंग पिवळा, त्यावर हिरवे अननस, एकूण चौदा (मागचे धरलेले नाहीत). शाळा सुटल्यापासून माझे गुडघे सूर्याने पाहिलेले नाहीत. पूर्वी राजघराण्यातल्या स्त्रियांना 'असूर्यंपश्या' म्हणत. माझ्या गुडघ्यांना तेच विशेषण द्विवचनात लावायला कोणत्याही वैयाकरणाची हरकत नसावी.

दुकानदार म्हणाला, "काका, बेटावर सगळे हेच घालतात."

मी म्हटलं, "सगळे बुडायला निघाले तर मीही निघू का?"

"बुडायलाही हीच बरी. लगेच वाळते."

ही इतकी हसली की तिला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, "घ्या हो. तिथे तुम्हाला ओळखणारं कोण आहे?"

"तू आहेस ना."

त्यावर तिचं हसू जरा लवकरच थांबलं. विजार तिने माझ्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि दुकानदाराला म्हणाली, "द्या बांधून."

असो. तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, की हे बेटाचं खूळ नेमकं कुणाच्या डोक्यातलं. तुझा संशय माझ्यावर नव्हता, हे वाचून जरा वाईट वाटलं, पण तुझं बरोबर आहे. नोव्हेंबरात लेक नोकरीच्या गावी राहायला गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांची गोष्ट. ही इस्पितळातून आली. दिवसभर औषधांच्या खिडकीत बसून डॉक्टरांचं अक्षर लावायचं, म्हणजे जे खुद्द डॉक्टरांनाही दुसऱ्या दिवशी लागत नाही ते, आणि घरी येऊन पुन्हा माझ्यासारख्या माणसाशी संसार करायचा. तर चपला काढता काढता म्हणाली, "आपण कुठेतरी जाऊ या. लांब."

"किती लांब?"

"जिथून मधेच उठून परत येता येणार नाही, इतकं."

आता यावर एखाद्या शहाण्या माणसाने 'का गं?' एवढे दोन शब्द उच्चारले असते. मी नकाशा आणला.

आणि नकाशा आणल्यावर मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाला मी मांडवाचा आराखडा काढला होता, त्यात नवरदेवाला बसायला जागा ठेवायची राहिली होती. या खेपेला मात्र काहीही राहिलेलं नाही. दोन मोठी विमानं, मधे सहा तासांचा मुक्काम, आणि शेवटी एक चिमुकलं विमान, जे पाण्यावर उतरतं. मुद्दाम उतरतं, असं प्रवास-कचेरीतल्या मुलीने मला दोनदा सांगितलं. मग होडी. मग पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी झोपडी. माहितीपत्रकात तिला 'जलनिवास' म्हटलं आहे. सव्वीस वर्षं पक्क्या घरात काढून आम्ही नऊ दिवस झोपडीत राहायला पृथ्वी ओलांडून निघालो आहोत. कुठे किती वाजता जागं असायचं आणि कुठे झोपायचं, याचं मी तक्त्यात वेळापत्रक केलं. तिने ते पाहिलं, "छान झालंय," म्हणाली, आणि त्यावर लिंबू कापलं. चुकून.

त्या कचेरीतल्या मुलीचं एक सांगायचं राहिलं. ती फॉर्म भरत होती. "काका, निमित्त काय टाकू? लग्नाचा वाढदिवस टाकते. केक मिळतो फुकट आणि पलंगावर फुलं टाकतात."

मी म्हटलं, "वाढदिवस मे महिन्यात असतो."

"टाकू द्या ना काका, कोण बघतंय!"

"निमित्त काही नाही लिही," ही म्हणाली. "असंच."

"आणि माणसं? दोघंच?"

"दोघंच," आम्ही एकदम म्हणालो. सव्वीस वर्षांत आम्ही एकदम एक शब्द उच्चारल्याची ही बहुधा पहिली वेळ. मुलगी हसली. आम्ही मात्र एकमेकांकडे पाहिलं नाही. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे, बाबा आपल्याकडून ते घोकून घ्यायचे. मराठीने ते टाकून दिलं. एक संपलं की थेट अनेक. लेक होती तोवर आमचं अनेकात भागत होतं, ताई. जेवताना आम्ही तिच्याशी बोलायचो, आणि ती मधे असल्यामुळे ते एकमेकांशी बोलल्यासारखं व्हायचं. आता ताटं दोन असतात, आणि आम्ही नळाविषयी बोलतो. नळाला काहीही झालेलं नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं गेलं, आणि छापखान्यात आमचा नियम आहे की लिहिलेलं रबराने पुसायचं नाही. एक रेघ मारायची, म्हणजे खालचं दिसलं पाहिजे. इथे रेघही मारत नाही. कारण मुख्य गोष्ट पुढेच आहे, आणि अननसांच्या आडून मी तिच्याभोवती मघापासून प्रदक्षिणा घालतो आहे.

आज सकाळची गोष्ट. हिची रविवारची पाळी. निघताना तिने प्रवासाची वही जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सामानाची यादी केलीय. एकदा नजर टाका, काही राहिलं असेल तर लिहा."

तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला 'नजर टाका' म्हणू नये. मी लाल पेन घेऊन बसलो. 'सनस्क्रिन'ची वेलांटी दीर्घ केली. 'टाँवेल'वरच्या चंद्रबिंदूतला बिंदू काढला. 'उलटिच्या गोळ्या' सुधारल्या. तुला खोटं वाटेल, पण आमच्या कामात माणूस अर्थ वाचत नाही. अर्थ वाचायला लागला की चुका निसटतात, कारण मन शब्द आपोआप पुरा करतं. म्हणून आम्ही अक्षरं वाचतो. धोब्याने कपडे मोजावेत तसे. सदरा कुणाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

पान संपलं. उलटलं. पुढे दोन पानं कोरी होती, मग पुन्हा यादी. मला वाटलं, सामानच पुढे चालू आहे. ती अशी होती:

१. लेकीची खोली
२. घर
३. भिती
४. माझी नोकरी
५. आपण
६.

सहाच्या पुढे काही नव्हतं. मी सवयीने समासात लाल प्रश्नचिन्ह काढून 'मजकूर राहिला?' असं लिहिलं. त्याआधी तिसऱ्या ओळीत 'भ'वर एक ठिपका दिला. खोली, घर, भिंती. दिवाणखान्याच्या भिंती रंगवायच्या आहेत, दोन वर्षं चाललंय, अनुस्वार राहिला असणार. पानाच्या तळाशी 'तपासले' लिहून सही ठोकली.

आणि मग मथळा पाहिला. मथळा आम्ही नेहमी शेवटी तपासतो. मजकुरात गुंतलेल्या डोळ्याला मथळ्यातली चूक कधीच दिसत नाही, म्हणून तशी शिस्तच आहे. मथळा होता:

'तिथे गेल्यावर ह्यांच्याशी बोलायचं.'

मथळ्यात एकही चूक नव्हती.

ताई, संस्कृतात भिंतीला 'भित्ति' म्हणतात, 'भिद्' धातूपासून. फोडणं, वेगळं करणं. आणि भय म्हणजे 'भीति', 'भी' धातूपासून. हिने लिहिलेलं 'भिती' दोन्हींच्या बरोबर मधे उभं होतं. एक वेलांटी दीर्घ केली असती तर ते हिच्या बाजूला गेलं असतं. मी ठिपका दिला आणि तिची भीती भिंतीत घातली. बाबा असते तर त्यांनी व्युत्पत्तीबद्दल शाबासकी दिली असती आणि बाकीच्याबद्दल कान पिळला असता.

कसली भीती, ते मला माहीत नाही. मी तिच्या पर्सकडे पाहिलं. उघडली नाही, नुसती पाहिली. औषधांच्या डब्याकडे पाहिलं. तिला काही होत असेल तर ती त्या खिडकीत बसते, तिला माझ्या आधी कळणार. की नोकरीचं काही? तो विषय तर चौथ्या ओळीत वेगळा आहे. की पाचव्या ओळीतलंच आहे, तिसऱ्या ओळीत आलेलं? सकाळपासून मी हेच करत बसलो आहे. पाच ओळींवर एवढं भाष्य बाबांच्या पाठशाळेतही कुणी केलं नसेल.

पुरावा नष्ट करण्याचाही विचार झाला, लपवत नाही. पान फाडावं, तर वही शिवलेली आहे, जोडीचं पान सुटून येतं आणि त्या पानावर सामानाची यादी आहे. चहा सांडावा, तर मी टेबलावर चहा कधी सांडत नाही, हे ती ओळखून आहे. ठिपक्यावर पांढरा रंग लावावा, तर खाली सही आहेच. तीही ठसठशीत. पगारपत्रकावरसुद्धा मी इतकी चांगली सही करत नाही.

हिचं स्थळ तूच आणलं होतंस, म्हणून तक्रार तुझ्याकडे करायची म्हटलं, तर तक्रार तिच्याविरुद्ध नाहीच. तिने सगळं व्यवस्थित केलंय. घरात बोलता येईना म्हणून चौदा तासांवरची जागा शोधली. बोलायचं काय, ते क्रमवार लिहून काढलं. मी मात्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची वजनमर्यादा शोधत होतो. ती तुझ्याशी फोनवर बोलते, तासतास बोलते. तुला काही सांगितलं असेल, तर मला लिहू नकोस. ते तुझ्याकडून कळावं असं मला वाटत नाही. तसंही हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

ती सहाला येते. वही होती तिथेच, होती तशीच ठेवली आहे. उघडी, त्याच पानावर. एवढं एक मी ठरवलं. तिने आधी पाहावं आणि मग मी विचारावं, की आधी विचारावं आणि मग दाखवावं, यात अर्धा तास गेला.

रागवेल याची मला काळजी नाही. रागवली तर बरंच. नऊ दिवसांत तिथे बोलायला विषय पुरतील का, याचीही काळजी नाही, जरी महिनाभर माझी समजूत होती की मला तीच आहे. मला काळजी वेगळीच वाटते, ताई, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नाही. ती तो ठिपका बघेल, माझ्या तोंडाकडे बघेल, आणि मला सोडवण्यासाठी हसून म्हणेल, "हो, भिंतीच लिहायचं होतं मला." आणि मी, सुटलो म्हणून, ते खरं मानेन.

तुझा
धाकटा