सातव्या तुकड्यातलं शून्य

२ फेब्रुवारी
मोजणीबाई आल्या. सोबत दोऱ्या, चौकटी आणि झाडांना बांधायची बारा यंत्रं. ती म्हणे पक्ष्यांचे आवाज टिपणार, मग संगणक आठवडाभर ते ऐकत बसणार. मला दोन कान फुकट मिळालेत, ते काय टोपी अडकवायला?

या टेकड्यांवर मी अनवाणी गवत कापायला आलो होतो. आज जाळायचा ठेका माझा. उन्हाळ्याआधी एकेक तुकडा आपणच पेटवायचा, म्हणजे पुढे वणवा आला तरी त्याला खायला काही उरत नाही. एवढं साधं काम! आता नवा नियम — आधी तुकड्यात काय काय जगतंय ते मोजा, मग काडी लावा.

४ फेब्रुवारी
पहिल्या तुकड्यात बाई चौकटीत गुडघे टेकून बसल्या. अकरा जातींचं गवत, सहा जातींचे किडे. नाकतोड्यांची हजेरी घेताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. विचारलं, "गैरहजर कोण?"
"तुमच्या काडीला घाबरून पळाले ते, काका."
जीभ आहे पोरीला.

६ फेब्रुवारी
अंगात कसर. नवा थर्मामीटर कुचकामी, वाजतच नाही. तोंडात धरून बसलो, तर ही म्हणते, "अहो, केव्हाचा वाजतोय, काढा आता." हिला भास होतात.

९ फेब्रुवारी
सगळा घोळ सुईचा. सुई म्हणजे गवतातला अंगठ्याएवढा पक्षी. आवाज सुईसारखा बारीक, म्हणून नाव सुई. सध्या त्याची घरटी जमिनीलगत असतात. तो ज्या तुकड्यात असेल, तो तुकडा पिल्लं उडेपर्यंत जाळायचा नाही, असं ठरलंय. मी सांगितलं, चार वर्षांत एकही ऐकला नाही. रान सोडून गेला तो.
बाई म्हणाल्या, "यंत्रांचं येऊ द्या ना, काका."
वनखात्याच्या साहेबांना घाई. वारा पडलाय, असे दिवस पुन्हा मिळत नाहीत. म्हणाले, "यांच्या कानांपुढे तुमची यंत्रं काय? सातव्यात हेच मोजतील."
मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

१० फेब्रुवारी
बाई तिसऱ्या तुकड्यात, मी सातव्यात. पहाटे दहा ठिकाणी दहा-दहा मिनिटं उभा राहिलो. लावा, चंडोल, ओढ्यापलीकडे उशिरा झोपायला निघालेलं घुबड. सुईच्या रकान्यात शून्य. खाली झोकदार सही. ही म्हणाली, "मला कधी नेलं नाहीत ऐकायला." म्हटलं, तुझं काय काम तिथे?

११ फेब्रुवारी
सातवा जाळला. सरळ रेघेत, कडेचं एक पान करपलं नाही. साहेब खूश. यंत्रं आदल्या संध्याकाळीच माझ्या माणसांनी उतरवून आणली होती. आता ऐका म्हणावं आठवडाभर!

१९ फेब्रुवारी
बाई घरी आल्या. चहाला नाही म्हणाल्या. टेबलावर यंत्र ठेवून कळ दाबली. "सातवा तुकडा. दहा तारखेची पहाट."
ऐकलं. लावा. चंडोल. आणि माझ्याच बुटांचा आवाज. म्हटलं, "बघा, मी काय सांगत होतो?"
बाईंनी आवाज वाढवला. यंत्राकडे बघत बसल्या.
तेवढ्यात ही आतून पदराला हात पुसत आली. म्हणाली, "किती बारीक ओरडतोय. एक नाही, पुष्कळ आहेत. कुठला हो हा पक्षी?"

२० फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं, सातव्याचं माझं शून्य खोडा आणि आठव्याची काडी थांबवा. उद्या पहाटे आठव्यात मोजणी. रकाने मी भरीन. ऐकायला ही येतेय.