मामांनी फिरवलेली रेघ

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गावी पोचलात आणि इथे माझी झोप उडाली. कॉलेजच्या आवारातल्या आपल्या सूर्यघड्याळाचा दगडी काटा आज ताडून पाहिला. उत्तरेची म्हणून मी जी रेघ मारून दिली होती, तिच्यापासून तो चार बोटं सरकलाय. चाळीस वर्षं दगड घडवणाऱ्याचा हात असा चुकावा? आभाळ भरलेलं, त्यामुळे सावली पाहून खात्री करायचीही सोय नाही. पंधराला उद्घाटन. मी इथे अजून कायम नाही, त्यात गणिताच्या बाईंनी घरचाच कारागीर आणला म्हणून कुजबुज. घड्याळ चुकलं तर नोकरी गेलीच समजा. अकरा तारखेला इथल्या गवंड्याकडून काटा उखडून पुन्हा बसवून घेते. रागावू नका.

माया आटू देऊ नका.
तुमची भाची

७ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काट्याला हात लावू नकोस. तू होकायंत्र घड्याळाच्या चबुतऱ्यावर ठेवून रेघ मारलीस. त्याच्या पोटात लोखंडी सळ्या आहेत, मीच बांधल्यात. लोखंडाजवळ होकायंत्र खरं कसं बोलेल? म्हणून मी खुंटी ठोकून भोवती दोरीने वर्तुळ आखलं. सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक जिथे वर्तुळाला शिवलं, तिथे खुणा केल्या. दोन्हींच्या बरोबर मधून खुंटीपर्यंत ओळ काढली, ती खरी उत्तर-दक्षिण. तीन दिवस तीच आली.

तेव्हाच सांगायला हवं होतं, ही माझी चूक. पण भोवती सगळे प्राध्यापक उभे. चारचौघांत लेकीचं गणित चुकलं म्हणायला जीभ रेटेना. गुपचूप माझ्या ओळीवर काटा बसवला आणि गाडी पकडली. ऊन पडलं की तूही करून बघ. तोवर कुणी विचारलंच तर म्हातारा चुकला म्हणून सांग, माझं काय जातंय?

मामी म्हणते, चिडलीस की तू जेवत नाहीस. जेवत जा.
तुझा मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा ऊन पडलं. मैदानात खुंटी ठोकून दिवसभर सावलीमागे फिरले. तुमचीच ओळ आली, तंतोतंत. नाक मुठीत धरून घरी आले.

काल उद्घाटनात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. प्राचार्यांसमोर आणि मुलांसमोर सांगितलं, की आराखड्यात चूक माझी होती, ती माझ्या मामांनी खुंटीदोरीने पकडली आणि माझी लाज राखायला कुणाला बोलले नाहीत. प्राचार्यांनी खाली उतरून काट्याच्या कडेवरून हात फिरवला आणि तुमचा पत्ता मागितला. नोकरीचं जूनमध्ये कळेल. भीती वाटतेच.

मी चुकते हे जगाला कळलं तरी चालेल, मामा. तुम्ही चुकलात असं मी लिहिलं, ते पत्र फाडून टाका. बाबा गेल्यापासून माझं काय काय तुम्ही असं गुपचूप सरळ केलं असेल, ते मला आत्ता उमगतंय. तुमचे उपकार मानायलासुद्धा मी उशीरच केला.

आहे तो लोभ असाच असू द्या.
तुमची भाची

२० फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. पहिलं पत्र मामी फाडू देत नाही, लेकीचं अक्षर आहे म्हणते. हे पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनेच मला वाचून दाखवलं, माझ्याच्याने पुढे वाचवेना.

तुझा मामा